आधी अंतरं, मग समीकरणं: एम.एस्सी.चं इलेक्ट्रोडायनॅमिक्स

बी.एस्सी.ला मॅक्सवेलची चार समीकरणं होऊन गेलेली असतात. एम.एस्सी.लाही तीच चार, पाचवं कुणी काढत नाही. तरी शिवाजी विद्यापीठात असो की जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात, मुलं धास्तावतात ती याच पेपरला. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गणित फार आहे." गणित आहेच. लेजांद्र, बेसेल, ग्रीन फंक्शन, टेन्सर असं सगळं एकाच सेमिस्टरला अंगावर येतं. पण वही उघडून बघितलं तर गाडी बहुतेक वेळा त्याच्या आधीच अडलेली दिसते. समोरच्या प्रश्नात काय ठेवायचं आणि काय टाकून द्यायचं, हे ठरवायची सवयच लागलेली नसते.

ते ठरवायची एक साधी रीत आहे. प्रश्न वाचला की वहीत पहिल्यांदा तीन अंतरं लिहायची. चार्ज आणि करंट जेवढ्या जागेत आहेत तिचा आकार, तरंगलांबी, आणि जिथे फील्ड काढायचं आहे तिथपर्यंतचं अंतर. मध्ये धातू असेल तर चौथं, स्किन डेप्थ, म्हणजे फील्ड धातूत किती खोल शिरतं ते. कोणतं कुणापेक्षा किती पटींनी लहान, हे अक्षरांत नव्हे तर आकड्यात लिहायचं. "आर फार मोठा आहे" असं लिहून काही कळत नाही. कशापेक्षा मोठा, ते महत्त्वाचं.

शिरोलीची भट्टी

कोल्हापूरकरांना उदाहरणासाठी लांब जायला नको. शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फौंड्रींमध्ये इंडक्शन फर्नेस असतात. तांब्याची कॉइल, तिच्यात काहीशे हर्ट्झचा करंट, आत लोखंडाचं स्क्रॅप. वारंवारता ५०० हर्ट्झ धरू. तरंगलांबी आली ६०० किलोमीटर. भट्टीचा आकार एक मीटरच्या आसपास, म्हणजे फरक सहा लाख पटींचा. भट्टीच्या एका टोकाचा बदल दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी पोहोचला असं मानायला काहीच हरकत नाही. रिटार्डेड टाइम (फील्ड पोहोचायला लागणारा उशीर वजा करून येणारा काळ), रेडिएशन, सगळं बाजूला ठेवा. एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या एका वेढ्याचा रेडिएशन रेझिस्टन्स या वारंवारतेला काढून बघा. तो दहाच्या उणे एकोणिसाव्या घाताच्या घरात येतो, ओहममध्ये. अँटेना म्हणून ही कॉइल अगदीच कुचकामी.

आता दुसरी काटछाट. मॅक्सवेलनं अ‍ॅम्पियरच्या नियमाला जोडलेला डिस्प्लेसमेंट करंट (बदलत्या इलेक्ट्रिक फील्डमुळे येणारं पद) ठेवायचा का? वितळलेल्या लोखंडाची रोधकता साधारण १.४ मायक्रोओहम-मीटर. त्यावरून कंडक्शन करंट आणि डिस्प्लेसमेंट करंट यांचं गुणोत्तर काढलं तर ते दहाच्या तेराव्या घाताच्याही वर जातं. तेव्हा तोही गेला. मग जे समीकरण उरतं ते तरंगाचं नसतं, डिफ्यूजनचं असतं. सळई तापताना उष्णता आत सरकते त्याच रूपाचं. फील्ड धातूत झिरपतं. एक स्किन डेप्थ आत गेल्यावर त्याची तीव्रता ३७ टक्के उरते, आणि उष्णता तीव्रतेच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे एकूण उष्णतेतली जवळपास ८६ टक्के एवढ्याच थरात तयार होते. थर सपाट आणि जाड असेल तर, अर्थात.

स्किन डेप्थचं सूत्र शब्दांत सांगायचं तर असं: रोधकतेला पाय (π), वारंवारता आणि पर्मिएबिलिटी यांच्या गुणाकारानं भागा आणि वर्गमूळ घ्या. ५०० हर्ट्झला लोखंडाच्या रसासाठी उत्तर येतं सुमारे २७ मिलिमीटर. त्याच वारंवारतेला तांब्यासाठी येतं २.९ मिलिमीटर. कॉइल पोकळ नळीची का करतात, ते या दुसऱ्या आकड्यात आहे. करंट नळीच्या जेमतेम तीन मिलिमीटरमध्येच वाहणार असेल तर भरीव तांबं घालून उपयोग काय? त्या मोकळ्या जागेतून पाणी सोडलं की कॉइल थंडही राहते.

इथे चूक होते ती थंड लोखंडाच्या बाबतीत. सापेक्ष पर्मिएबिलिटी १०० आणि रोधकता रसाच्या चौदाव्या हिश्शाइतकी धरली तर स्किन डेप्थ ०.७ मिलिमीटर येते. म्हणजे एकाच भट्टीत, एकाच वारंवारतेला, सुरुवातीला पाऊण मिलिमीटर आणि शेवटी पावणेतीन सेंटिमीटर! मधली उडी येते ७७० अंश सेल्सिअसला. तो लोखंडाचा क्युरी बिंदू; त्याच्या वर लोखंड फेरोमॅग्नेटिक राहत नाही आणि सापेक्ष पर्मिएबिलिटी एकवर येते. शिवाय कॉइलचं फील्ड जबर असेल तर थंड लोखंडही सॅच्युरेट होतं आणि १०० हा आकडाही टिकत नाही. पुस्तकातलं 'लिनिअर माध्यम' हे गृहीतक भट्टीत पाळलं जात नाही, हे ध्यानात असू द्या. परीक्षेत मात्र ते निमूटपणे मान्य करायचं.

दूर म्हणजे किती दूर

रेडिएशनच्या प्रकरणात हीच तुलना उलट्या बाजूनं करायची. हलणाऱ्या डायपोलभोवतीची (अधिक-उणे चार्जच्या जोडीभोवतीची) जागा तीन भागांत पडते आणि सीमा ठरवते ती तरंगलांबी भागिले दोन पाय ही लांबी. एफएम रेडिओच्या १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर, म्हणून ही सीमा ४८ सेंटिमीटरवर. तिच्या बऱ्याच आत फील्ड अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं, बऱ्याच बाहेर साध्या व्यस्त प्रमाणात. ५० हर्ट्झच्या लाइनसाठी तरंगलांबीच ६,००० किलोमीटर. त्यामुळे हायटेन्शन तारांखाली उभं राहून 'रेडिएशन' मोजणारा माणूस खरं तर नियर फील्ड, म्हणजे या सीमेच्या आतलं फील्ड मोजत असतो. तिथे इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्ड वेगवेगळी मोजावी लागतात. एकावरून दुसरं काढून देणारं ३७७ ओहमचं गुणोत्तर लागू होतं ते फक्त दूरच्या भागात.

दूरच्या भागासाठी गणित करताना एक पायरी सगळी पुस्तकं भराभर उरकतात आणि तिथेच मुलं अडखळतात. स्रोतातल्या एखाद्या बिंदूपासून आपल्यापर्यंतचं अंतर छेदात येतं आणि फेजमध्येही येतं. छेदात सरळ मध्यापासूनचं अंतर घाला म्हणतात, फेजमध्ये मात्र एक जास्तीचं पद ठेवा म्हणतात. हा दुजाभाव का? आकडे घालून बघा. एफएमची अँटेना ३ मीटरची, तरंगलांबीही ३ मीटर, आपण १० किलोमीटरवर. छेदात ३ मीटरची चूक म्हणजे १०,००० मध्ये ३, फक्त ०.०३ टक्के. फेजमध्ये तीच ३ मीटर तरंगलांबीशी ताडून बघायची असतात, आणि तिथे ती अख्खं एक आवर्तन होतात. चूक तीच, पण मोजपट्टी वेगळी. हे एकदा हाताला बसलं की मल्टिपोल विस्तारातलं कुठलं पद का टाकलं, हे पाठ करावं लागत नाही.

डायपोलची उत्सर्जित शक्ती काढताना दोनच्या गुणकाचा घोळ हमखास होतो. कॉम्प्लेक्स रूपातली दोन फील्ड गुणून मग रिअल भाग घेतला की उत्तर चुकलंच. एकाचा कॉन्ज्युगेट घ्या, गुणा, रिअल भाग घ्या, आणि सरासरीसाठी दोननं भागा. हा क्रम मोडायचा नाही.

शक्ती वारंवारतेच्या चौथ्या घातानं वाढते, आणि त्यातूनच रॅलेचं विखुरणं निघतं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा साधारण ४.४ पट जास्त विखुरला जातो. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव मावळत्या उन्हाचा असतो. सूर्य क्षितिजाला टेकताना प्रकाशाला डोक्यावरच्या सूर्याच्या मानानं कित्येक पट जास्त हवेतून यावं लागतं, निळा वाटेतच गळतो आणि तांबूस उरतो. इथवर चौथा घात खरा. पण त्या दिवशी हवेत धूळ किंवा धुकं असेल आणि किरणं क्षीण झाली, तर त्याचं खापर रॅलेवर फोडता येत नाही. हवेचा रेणू नॅनोमीटरपेक्षाही लहान, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. म्हणून तो एक डायपोल मानता येतो. धुक्याचा थेंब साधारण १० मायक्रोमीटरचा, तरंगलांबीच्या वीसपट. तिथे डायपोलचं गृहीतकच कोसळतं, गुस्टाव मी या शास्त्रज्ञाचं विश्लेषण लागतं, आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुकं पांढरं दिसतं ते म्हणून.

पेटीच्या कडा

पहिले दोन-तीन महिने जातात ते स्थिर फील्डच्या सीमाप्रश्नांत, बाउंडरी व्हॅल्यू प्रॉब्लेममध्ये. इथे तरंगलांबी नाही, तरी हिशेब तोच. कुठे कोणतं पद जिवंत राहतं?

एक प्रश्न नीट सोडवून बघू. चौरस काटछेदाची लांबलचक नळी. एक बाजू १०० व्होल्टवर, उरलेल्या तीन शून्यावर. मध्यभागी पोटेन्शियल किती? व्हेरिएबल वेगळे करून फूरिए मालिका मांडली तर फक्त विषम पदं उरतात. पहिलं पद मध्यभागी देतं २५.३७ व्होल्ट. तिसरं पद वजा करतं ०.३८, आलं २४.९९. पाचवं मिळवतं ०.०१, आलं २५.००. तीन पदांत काम फत्ते. आता मालिका बाजूला ठेवा आणि वेगळा विचार करा. चारही बाजू १०० व्होल्टवर असत्या तर मध्यभागी १०० व्होल्टच असते. चारही बाजूंचा वाटा सारखा, तेव्हा एकीचा २५. मालिकेशिवाय, एका ओळीत! ही पडताळणी ज्याला आधी सुचते त्याचे परीक्षेत मार्क जात नाहीत.

तीच मालिका १०० व्होल्टच्या बाजूवर, कोपऱ्याजवळ वापरून बघा. वीस पदं घ्या की पन्नास, कोपऱ्यालगत ती ११८ व्होल्टच्या आसपास उसळी मारते. पदं वाढवली की उसळी कोपऱ्याकडे सरकते, पण उंची कमी होत नाही. याला गिब्ज परिणाम म्हणतात. यात बेरजेची चूक नाही, प्रोग्रॅमही बरोबर असतो. कोपऱ्यात १०० आणि शून्य व्होल्टचे पत्रे एकमेकांना टेकलेत असं आपण मानलं, त्याची ती किंमत. प्रत्यक्षात तिथे फट ठेवावीच लागेल, नाहीतर शॉर्ट होईल.

लॅपटॉपवर हाच प्रश्न पंधरा-वीस ओळींत सुटतो. ५० बाय ५० ची जाळी घ्या, कडांवरचे आकडे पक्के ठेवा, आतल्या प्रत्येक बिंदूला त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी द्या आणि हे पुन्हा पुन्हा करा. शे-दोनशे फेऱ्यांत थांबलात तर मध्यभागी २५ येणार नाही. जाळीच्या बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात फेऱ्या लागतात, म्हणजे इथे काही हजार. जाळी दुप्पट बारीक केली की फेऱ्या चौपट.

एकसमान फील्डमध्ये ठेवलेल्या धातूच्या गोळ्याचा प्रश्न सगळ्यांनी केलेला असतो, आणि तरीही अनंतावर पोटेन्शियल शून्य लिहून मोकळे होणारे दरवर्षी असतात. तिथे पोटेन्शियल शून्याकडे जात नाही. बाहेरचं फील्ड तसंच टिकून असल्यामुळे ते अंतराच्या प्रमाणात वाढत जातं. शून्य लिहिलं की सगळे गुणांक शून्य येतात आणि गोळ्यावर चार्जच उरत नाही. उत्तर बरोबर असेल तर ध्रुवावरचं फील्ड मूळ फील्डच्या बरोबर तिप्पट निघतं, गोळा केवढाही असो.

ग्रीन फंक्शनमध्ये, म्हणजे एकक बिंदूचार्जच्या पोटेन्शियलमध्ये, सापळा एकच, पण पक्का. पृष्ठभागावर पोटेन्शियल दिलेलं असेल तर ग्रीन फंक्शन तिथे शून्य घेतात. पृष्ठभागावर पोटेन्शियलचा लंब दिशेचा उतार दिलेला असेल तर त्याच धर्तीवर ग्रीन फंक्शनचा उतार शून्य घ्यावासा वाटतो. घेता येत नाही. आत एकक चार्ज बसवलेला आहे, आणि गॉसच्या नियमानुसार त्याचा फ्लक्स बंद पृष्ठभागातून बाहेर पडलाच पाहिजे. म्हणून उतार कमीत कमी एवढा ठेवावा लागतो की पूर्ण पृष्ठभागावरची बेरीज उणे चार पाय येईल. सोयीसाठी तो सगळीकडे सारखा, म्हणजे उणे चार पाय भागिले क्षेत्रफळ, असा घेतात.

लॅबमधली पितळी नळी

वेव्हगाइडची थिअरी वाचून कंटाळा येत असेल तर मायक्रोवेव्ह बेंचवर बसा. एक्स-बँडचा नेहमीचा वेव्हगाइड आतून २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटरचा असतो. रुंदीच्या दुपटीइतकी तरंगलांबी झाली की सर्वांत खालचा मोड बंद पडतो, म्हणजे ६.५६ गिगाहर्ट्झच्या खाली काहीच पुढे जात नाही. १० गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेतली तरंगलांबी ३ सेंटिमीटर, नळीतली ३.९७. स्लॉटेड लाइनवर प्रोब सरकवला की दोन मिनिमामधलं अंतर मिळतं साधारण १.९९ सेंटिमीटर. प्रॅक्टिकलच्या वहीत सर्रास होणारी चूक अशी की हे अंतरच तरंगलांबी म्हणून लिहिलं जातं. ती अर्धी असते. दुसरी चूक म्हणजे मॅक्सिमा मोजणं. मॅक्सिमा पसरट असतात, त्यांचा नेमका मध्य सापडत नाही. मिनिमा टोकदार असतात.

पळणारा चार्ज

वेगानं जाणाऱ्या चार्जचं पोटेन्शियल लिएनार्डनं १८९८ साली आणि विशर्टनं १९०० साली दिलं. त्यातला जीव एकाच गुणकात आहे: एक वजा वेगाचा आपल्या दिशेचा भाग, प्रकाशवेगाच्या एककात. चार्जच्या एका सेकंदातली हालचाल आपल्याला किती वेळात दिसते, ते हा गुणक सांगतो. डेरिव्हेटिव्ह घेताना आपला काळ आणि चार्जचा रिटार्डेड काळ यांची गल्लत झाली की हाच गुणक कुठेतरी सांडतो, आणि शेवटच्या सूत्रात त्याचा घात चुकतो. म्हणून प्रत्येक डेरिव्हेटिव्हखाली कोणता काळ, ते लिहा. आळस करू नका.

गुणकाची ताकद आकड्यात बघायची तर इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातला इंडस-२ घ्या. इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, वर्तुळाचा परीघ सुमारे १७२ मीटर. गॅमा, म्हणजे ही ऊर्जा भागिले इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा, येतो सुमारे ४,९००. इलेक्ट्रॉन सरळ आपल्याकडे येत असेल तेव्हा तो गुणक पाच कोटींत एक इतका बारीक होतो. इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम १७ लाख फेऱ्या मारतो, पण त्यातून निघतात क्ष-किरण, दहाच्या अठराव्या घाताच्या घरातल्या वारंवारतेचे. प्रकाशाचा झोत गॅमाच्या व्यस्ताइतका अरुंद, १० मीटरवर सुमारे दोन मिलिमीटर. प्रत्येक फेरीला एक इलेक्ट्रॉन सुमारे ०.६२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट गमावतो आणि आरएफ कॅव्हिटी ते भरून देतात. त्याच ऊर्जेच्या प्रोटॉनचा तोटा कोट्यवधी पटींनी कमी असतो, कारण हिशेबात वस्तुमानाचा चौथा घात येतो.

रेडिएशनची चार्जवरची उलटी प्रतिक्रिया हा शेवटचा आणि खरोखर अपुरा राहिलेला भाग. अब्राहम-लोरेंट्झ समीकरणाची काही उत्तरं आपोआप वेग घेत सुटतात. इलेक्ट्रॉनसाठी त्यातला काळ ६.३ गुणिले दहाचा उणे चोविसावा घात सेकंद. तेवढ्यात प्रकाश दोन फेम्टोमीटरही जात नाही. कॉम्प्टन तरंगलांबी त्याच्या हजारपटींहून मोठी, म्हणजे क्वांटम सिद्धांताची हद्द कितीतरी आधीच लागते. त्या पळून जाणाऱ्या उत्तरांवर पानं भरण्यापेक्षा एवढं लिहिलं तर परीक्षकालाही बरं वाटेल.

एककं आणि चिन्हं

जॅक्सनचं 'क्लासिकल इलेक्ट्रोडायनॅमिक्स' हे या विषयाचं ठरलेलं पुस्तक. पहिली आवृत्ती १९६२ ची, शिवाजी विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. तिसऱ्या आवृत्तीत पहिली दहा प्रकरणं एसआय एककांत आहेत आणि अकराव्यापासून, रिलेटिव्हिटी सुरू होते तिथून, गॉसियन. हे न कळता अर्धं सूत्र नवव्या प्रकरणातून आणि अर्धं चौदाव्यातून उचललं की उत्तरात चार पाय एप्सिलॉन-नॉट किंवा प्रकाशवेग जास्तीचा येतो. गॉसियनमध्ये इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्डचं एकक एकच असतं. एसआयमध्ये मॅग्नेटिक फील्डला प्रकाशवेगानं गुणलं तरच ते इलेक्ट्रिकच्या जोडीला बसतं. शंका आली की आधी हे तपासा. जुन्या नोट्समध्ये म्यू-नॉट (निर्वाताची पर्मिएबिलिटी) म्हणजे बरोबर चार पाय गुणिले दहाचा उणे सातवा घात असं असतं. २० मे २०१९ पासून ते व्याख्येनं नव्हे, मोजमापानं ठरतं. फरक इतका सूक्ष्म की गणितात तोच आकडा वापरा, फक्त तोंडी परीक्षेत "एक्झॅक्ट" म्हणू नका.

चार मितींतल्या मेट्रिकचं चिन्ह तर प्रत्येक पुस्तकाचं वेगळं. कुठे काळाला अधिक आणि जागेला उणे, कुठे बरोबर उलटं. वहीच्या पहिल्या पानावर आपलं चिन्ह लिहून ठेवा आणि दुसऱ्या पुस्तकातलं सूत्र घेताना आधी ते बदलून घ्या. फील्ड टेन्सरचा वर्ग करून बघणं ही झटपट तपासणी आहे: इलेक्ट्रिक फील्डचा वर्ग आणि प्रकाशवेगानं गुणलेल्या मॅग्नेटिक फील्डचा वर्ग एकमेकांतून वजा व्हायला हवेत. बेरीज आली, तर निर्देशांक वर-खाली करताना कुठेतरी एक उणे गळलंय.